प्रत्येक नोड वेळेत, तरी साखळी उशिरा: २५ मिलिसेकंदांचं पाणी मुरतंय कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनक्सवर चालणारे तीन नोड (नेटवर्कने जोडलेले कॉम्प्युटर), पहिला दर १० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचतो आणि नेटवर्कवर टाकतो, दुसरा दर १० ला आलेला डेटा उचलून कंट्रोलचं गणित करतो, तिसरा तसाच दर १० ला कमांड उचलून प्रत्यक्ष हालचाल करणारा भाग, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर हलवतो. सेन्सर वाचल्यापासून अ‍ॅक्च्युएटर हलेपर्यंत डेडलाइन २५ मिलिसेकंद. रेट मोनोटोनिकचं गणित (टास्क आपापल्या पिरियडमध्ये संपतील का हे तपासायची पद्धत) केलं, तिन्ही नोड पास. सीपीयू ४५ टक्क्यांच्या खाली, नेटवर्क तर ५ टक्केसुद्धा नाही. पिनांवरचे सिग्नल वेळेनुसार टिपणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरवर सरासरी १९ येते, पण शंभरातले सात-आठ सॅम्पल २५ च्या पुढे जातात, जास्तीत जास्त २९, आणि हे विखुरलेलं नाहीये, दर काही मिनिटांनी एक वाईट पट्टा येतो आणि आपोआप निघून जातो. मग टास्कची प्रायॉरिटी ९९ (लिनक्सवर सगळ्यात वरची) करू का, टीसीपी (हरवलेलं पॅकेट परत पाठवणारी पद्धत) सोडून यूडीपी (एकदा पाठवून मोकळी होणारी) घेऊ का, गिगाबिट स्विच लावू का, की मेसेजच्या रांगेची, म्हणजे क्यूची, खोली १० करून बघू?

आधीच सांगतो, चारही उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमची सिस्टीम हळू नाहीये. तुमचा डेटा वाटेत नुसता बसून राहतोय, आणि कुठे किती वेळ बसायचं हे कोणीच ठरवलेलं नाही म्हणून ते तीन नोडांची घड्याळं आपापसात ठरवतायत. खरा प्रश्न "टास्क वेळेत संपतंय का" हा नाही, "डेटा एकूण किती वेळ वाट बघतो आणि ती वाट कोणाच्या हातात आहे" हा आहे.

तुम्हीच दिलेले आकडे मांडून बघू. सेन्सर वाचून पाठवेपर्यंत वाईटात वाईट २ मिलिसेकंद. नेटवर्क १, यात दोन्हीकडचा स्टॅक आला. कंट्रोलरचं गणित ४. परत नेटवर्क १. अ‍ॅक्च्युएटरचं काम १. झाले ९. बस, खरं काम एवढंच आहे. आता कंट्रोलर दर १० ला डोकावतो, म्हणजे मेसेज त्याच्या टिकच्या (डोकावण्याच्या क्षणाच्या) अगदी आधी आला तर वाट शून्य, टिक नुकताच होऊन गेला असेल तर जवळपास १०. अ‍ॅक्च्युएटरकडे परत तेच. म्हणजे सगळ्यात चांगली केस ९, सगळ्यात वाईट ९ अधिक १० अधिक १०, म्हणजे २९. सरासरी दोन्हीकडे ५-५ धरा, १९. तुमच्या अ‍ॅनालायझरने दाखवलेले आकडे हेच आहेत ना? आणि २५ कधी ओलांडणार, तर दोन्ही वाटांची बेरीज १६ च्या वर गेली की. दोन्ही वाटा ० ते १० मध्ये कुठेही असू शकतात असं धरलं तर ते शंभरात ८ वेळा होतं. तुमचे सात-आठ टक्के तिथून आले. तुमच्या सिस्टीममध्ये काहीही बिघडलेलं नाही, ती जशी बांधलीये तशीच वागतेय.

मग पट्टे का येतात? कारण तिन्ही नोडांचे क्रिस्टल (घड्याळाला ठोका देणारे) वेगळे आहेत. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात ५० भागांचा फरक असणं अगदी नॉर्मल आहे, एक थोडा पुढे पळणारा आणि एक थोडा मागे राहणारा असे दोन मिळाले तर आपापसात १०० भागांपर्यंत फरक जाऊ शकतो. समजा तुमच्यात ४० भागांचा आहे. म्हणजे दर सेकंदाला दोन नोडांची फेज (त्यांच्या टिकांमधलं अंतर) ४० मायक्रोसेकंदांनी सरकते, आणि पूर्ण १० मिलिसेकंद सरकायला २५० सेकंद लागतात, चार मिनिटांच्या थोडं वर. या चार मिनिटांत कंट्रोलरकडची वाट ० पासून १० पर्यंत (किंवा उलटी) हळूहळू सरकते आणि मग एकदम उडी मारते. अ‍ॅक्च्युएटरकडे दुसऱ्याच वेगाने तोच खेळ. दोन्ही एकाच वेळी वर असल्या की तुमचा वाईट पट्टा. म्हणूनच हिस्टोग्राममध्ये हे कधीच कळत नाही, कारण हिस्टोग्राम वेळेचा क्रम खाऊन टाकतो. लेटन्सी वेळेसमोर प्लॉट करा, अर्धा तास तरी, करवतीचे दाते दिसले की समजायचं की पाणी इथेच मुरतंय.

उडीच्या जागी अजून एक गंमत होते. मेसेज बरोबर टिकच्या आसपास येतो तेव्हा त्याचं तळ्यात-मळ्यात चालू होतं, थोड्याशा जिटरने (वेळेतल्या चढउताराने) कधी टिकच्या आधी पोचतो कधी नंतर, त्यामुळे एका सायकलला नवीन डेटाच नाही आणि पुढच्या सायकलला दोन. इथे लोक घाबरतात, "सॅम्पल हरवतोय" म्हणतात, आणि क्यू वाढवतात. तुमचा चौथा उपाय हाच, आणि चारांत सगळ्यात घातक हाच आहे. सेन्सर नोडचं घड्याळ कंट्रोलरपेक्षा ४० भागांनी पुढे असेल तर दर २५० सेकंदांनी एक मेसेज जास्तीचा येतो. कंट्रोलर सायकलला एकच उचलतो, मग तो जास्तीचा मेसेज क्यूत कायमचा मुक्कामाला. दहाची क्यू पाऊण तासाच्या आत भरते आणि तिथून पुढे तुमचा कंट्रोलर कायम १०० मिलिसेकंद शिळ्या डेटावर चालतो, एकही एरर न देता. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये हे दिसणारच नाही. तुमचा कमाल आकडा २९ वरच थांबलाय त्यावरून सध्या तुम्ही जुनं पुसून नवीन लिहिता असं दिसतंय, तेच बरोबर आहे, तिथे हात लावू नका.

यामागचा साधा नियम असा की मेसेज दोन जातींचे असतात. "आत्ता तापमान इतकं आहे" ही स्थिती, ती नवीन आली की जुनी कचरा. "बटण दाबलं गेलं" ही घटना, ती एकही हरवून चालत नाही आणि दोनदा मोजूनही चालत नाही. स्थितीला एका खणाचा मेलबॉक्स, घटनेला क्यू. एकाच चॅनेलवर दोन्ही कोंबले की मग कुठलीही सेटिंग चुकीचीच ठरते. रॉस २ (रोबोटसाठीची सॉफ्टवेअर चौकट) किंवा डीडीएस (मेसेज वाटणारी पद्धत) वापरणाऱ्यांसाठी, हिस्टरी डेप्थ १ (फक्त शेवटचा मेसेज ठेवणं) आणि बेस्ट एफर्ट (हरवलं तर परत न पाठवणं) हे स्थितीसाठी बऱ्याचदा पुरतं.

आता रेट मोनोटोनिकबद्दल, कारण सगळे तिथेच फसतात. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ ला जे मांडलं, तो ६९ टक्क्यांचा आकडा (सीपीयू इतक्यापर्यंतच वापरला तर सगळी टास्क वेळेत), ते एका प्रोसेसरवरच्या, एकमेकांवर न अवलंबून असलेल्या पिरियॉडिक टास्कबद्दल आहे. त्यातून उत्तर काय मिळतं, तर प्रत्येक टास्क आपला पुढचा पिरियड सुरू व्हायच्या आत संपेल. तुमच्यासाठी याचा अर्थ १० अधिक १० अधिक १०. तीस तर इथेच झाले, वाट आणि नेटवर्क अजून धरलंच नाही! गणित बरोबर आहे हो, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. डेडलाइन साखळीची असते, ती टास्कांना वाटून द्यावी लागते, आणि ते वाटप कोणतंही टूल तुम्हाला न विचारता करत नाही. पूर्ण साखळीचं गणित करायची पद्धत आहे, टिंडेल आणि क्लार्क यांनी १९९४ ला मांडलेली होलिस्टिक अ‍ॅनालिसिस, त्यात एका टास्कच्या रिस्पॉन्स टाइममधला चढउतार पुढच्या मेसेजचा रिलीज जिटर (निघण्याच्या वेळेतला चढउतार) बनतो आणि असं पुढे पुढे ढकलत आकडे स्थिर होईपर्यंत फिरवायचं. बारा-पंधरा टास्क झाले की वापरा, तीन नोडांसाठी वहीचा कागद पुरे.

उपाय सांगायच्या आधी एक गोष्ट तुम्हीच तपासा, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. हे २५ कुठून आले? कंट्रोलच्या माणसाने लूप स्थिर राहावा म्हणून काढलेत, की कोणीतरी मीटिंगमध्ये ठोकून दिलेत? आणि ते डेटाच्या वयाबद्दल आहेत की प्रतिक्रियेबद्दल? वय म्हणजे अ‍ॅक्च्युएटर हलला तेव्हा त्यामागचं सेन्सर रीडिंग किती जुनं होतं. प्रतिक्रिया म्हणजे बाहेर काहीतरी घडल्यापासून अ‍ॅक्च्युएटर हलेपर्यंत, आणि घटना सेन्सर वाचून झाल्या-झाल्या घडली तर पुढच्या वाचनापर्यंतचे १० त्यात मिळवावे लागतात, म्हणजे तुमचे वाईटात वाईट २९ नाही, ३९. सेफ्टीवाला माणूस बहुतेक प्रतिक्रियेबद्दल बोलत असतो आणि प्रोग्रामर वय मोजत असतो, हा घोळ मी इतक्या प्रोजेक्टांत पाहिलाय की आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं?

सगळ्यात स्वस्त काम अ‍ॅक्च्युएटर नोडवर. त्याचं मेलबॉक्स बघणं दर १० ऐवजी दर २ मिलिसेकंदांनी करा, नवीन कमांड असेल तरच काम, नाहीतर परत झोप. तिथली वाट १० वरून २ वर आली, एकूण वाईटात वाईट २१. एवढ्या एका बदलाने वयाची २५ ची डेडलाइन पाळली जाते, बाकी कशाला हात न लावता. सीपीयू थोडा जास्त खाईल, खाऊ दे, तो तसाही रिकामा बसलाय.

दुसरं, कंट्रोलरला टायमरवर चालवू नका, सेन्सरचा मेसेज आला की जागा होऊ द्या. मग तिथली वाटच गेली, पहिल्या बदलासकट एकूण ११. प्रतिक्रिया धरली तरी २१. पण याची किंमत असते. एक, मेसेज आलाच नाही तर कंट्रोलर जागाच होणार नाही, म्हणून १२-१३ मिलिसेकंदांचा टाइमआउट हवाच आणि टाइमआउट झाला तर काय करायचं (जुनं रीडिंग धरून चालायचं का, किती वेळा, मग काय) हे लिहून ठेवलेलं हवं. दोन, नेटवर्क मध्येच अडलं आणि मग वीस मेसेज एकदम आले तर कंट्रोलर वीसदा धावता कामा नये, सॉकेट रिकामं होईपर्यंत वाचा आणि शेवटचंच वापरा. तीन, त्याच नोडवर दुसरी महत्त्वाची टास्क असतील तर आता कंट्रोलरच्या जागं होण्याचा जिटर त्यांना सोसावा लागतो, त्यांचं गणित परत करा.

तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यांची घड्याळं जुळवून पूर्ण साखळी वेळापत्रकावर टाकणं. सेन्सर ० ला, कंट्रोलर ४ ला, अ‍ॅक्च्युएटर १० ला, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर १ मिलिसेकंदाची सूट धरून अ‍ॅक्च्युएटर ११ ला हलतो, आणि मुख्य म्हणजे दर वेळी ११ लाच. व्हिएन्नाच्या कोपेट्झ यांनी आयुष्यभर याच टाइम-ट्रिगर्ड पद्धतीचा आग्रह धरला आणि कंट्रोलची माणसंही यावरच खूश असतात, कारण कायम ११ असेल तर त्यांना ते मॉडेलमध्ये धरता येतं, कधी ९ कधी १९ असेल तर नाही. पण यात तुम्ही एक नवीन अवलंबन आणता, घड्याळाचं सिंक. हार्डवेअर टाइमस्टॅम्पवालं पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) एका मायक्रोसेकंदाच्या आत नेतं, पण १० मिलिसेकंदांच्या लूपला तेवढं लागतच नाही, १०० मायक्रोसेकंदांपर्यंतचं सिंक भरपूर झालं. सिंक किती बिघडलंय हे सतत मोजून ते मर्यादेबाहेर गेलं की काय करायचं हे ठरवलं नसेल तर मात्र या वाटेला जाऊच नका. आणि हो, टायमर मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) क्लॉकवर लावा, तारीख-वेळेच्या घड्याळावर लावाल तर कोणीतरी ते दुरुस्त करताना ते उडी मारेल आणि तुमचं टास्क एकतर झोपून राहील किंवा भलत्या वेळी उठेल.

माझा कल तुमच्यासाठी पहिला आणि दुसरा एकत्र करण्याकडे आहे, सिंकशिवाय. दुसरा सेन्सर आला आणि दोघांची रीडिंग एकाच क्षणाची असणं गरजेचं झालं की मग तिसऱ्याकडे वळा, कारण तेव्हा "कोणाच्या मेसेजवर जागं व्हायचं" या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं.

आता तुमचे बाकीचे तीन उपाय. गिगाबिट स्विच: तुमचं पॅकेट २०० बाइटचं आहे, १०० मेगाबिटच्या वायरवर त्याला २० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. गिगाबिटने त्यातले १८ वाचतील. डेडलाइन २५,००० मायक्रोसेकंदांची आहे, सोडून द्या. नेटवर्कवर बघायचंच असेल तर त्याच पोर्टवरून अजून कोण बोलतंय ते बघा. पूर्ण आकाराची एक इथरनेट फ्रेम १०० मेगाबिटवर १२३ मायक्रोसेकंद घेते आणि निघालेली फ्रेम साध्या स्विचमध्ये मध्येच थांबवता येत नाही, कोणी लॉग अपलोड करताना अशा ५० फ्रेम तुमच्या पुढे रांगेत लावल्या तर ६ मिलिसेकंद गेले. त्यावर इलाज फ्रेमवरच्या व्हीलॅन टॅगमधली प्रायॉरिटी, मग तुम्हाला जास्तीत जास्त एका फ्रेमपुरतंच थांबावं लागतं. टीएसएनचे (वेळेची हमी देणारं इथरनेट) वेळेवर उघडणारे गेट वगैरे १ मिलिसेकंदाच्या लूपवाल्यांसाठी. (गाड्यांमधल्या कॅन बसवर हाच प्रकार थोडा सुसह्य असतो, तिथे आयडीच प्रायॉरिटी असतो आणि ५०० किलोबिटवर ११ बिटी आयडीची आठ बाइटची सगळ्यात लांब फ्रेम २७० मायक्रोसेकंद अडवते. आणि तिथलंही १९९४ चं प्रसिद्ध गणित काही केसेसमध्ये चुकतं हे २००७ ला छापून आलं, तोवर लोक ते बिनधास्त वापरत होते.)

टीसीपी: तुमच्या आकड्यांत सध्या त्याचा दोष दिसत नाही. टीसीपी आडवा आला असता तर ४० मिलिसेकंदांचे सुळके दिसले असते, छोटे मेसेज नेगलमुळे (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवायची टीसीपीची सवय) अडून राहणं आणि समोरच्याने पोच उशिरा देणं हे दोन एकत्र आले की लिनक्सवर तोच आकडा दिसतो. किंवा पॅकेट हरवल्यावर २०० च्या वरचे, कारण रीट्रान्समिटचा किमान टाइमआउट तेवढा. तुमचे २९ ला थांबतात. तरी सावकाश यूडीपीवर जा, स्थितीचं जुनं पॅकेट परत पाठवण्यात काही अर्थच नसतो. फक्त प्रत्येक पॅकेटमध्ये सिक्वेन्स नंबर आणि सेन्सर वाचल्याची वेळ घाला. तोवर नेगल बंद करा.

प्रायॉरिटी ९९: नको. ९९ वर कर्नलची स्वतःची काही अत्यावश्यक थ्रेड असतात, त्यांच्याशी भांडण घेऊ नका. त्याहून मोठा मुद्दा, तुमचा डेटा कोण आणून देतं? आरटी, म्हणजे रिअल-टाइम, कर्नलमध्ये (लिनक्स ६.१२ पासून तो मुख्य सोर्समध्येच आहे) नेटवर्क कार्डचं इंटरप्ट (डेटा आल्याची हाक) एका थ्रेडवर चालतं आणि त्याची डिफॉल्ट प्रायॉरिटी ५०. तुमचं टास्क ९९ वर बसून सीपीयू खातंय आणि ज्या पॅकेटची ते वाट बघतंय ते आणणारा थ्रेड खाली ताटकळतोय, हे दृश्य अगदी नेहमीचं. प्रायॉरिटी द्यायची ती साखळीतल्या प्रत्येक कडीला, इंटरप्ट थ्रेड धरून: कार्डाचा थ्रेड ८५, कंट्रोलर ८०, लॉगिंग वगैरे आरटीच्या बाहेर. आणि लॉगिंग कंट्रोलरबरोबर एखादं म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) वाटून घेत असेल तर त्यावर प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी मिळणं) चालू आहे का बघा. १९९७ ला मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान याच कारणाने रीसेट होत होतं, हवामानाचं कमी प्रायॉरिटीचं टास्क म्युटेक्स धरून बसायचं, मधल्या प्रायॉरिटीची कामं त्याला चालू द्यायची नाहीत आणि बसवर डेटा वाटणारं वरचं टास्क अडकायचं. पृथ्वीवरून इनहेरिटन्स चालू केल्यावर थांबलं. पण लक्षात घ्या, इनहेरिटन्स एका नोडच्या आतच चालतो. नेटवर्कच्या पलीकडच्या सर्व्हरकडे तुम्ही काही मागितलंत तर तो त्याच्याच प्रायॉरिटीने काम करणार, तुम्ही किती घाईत आहात ते त्याला कळतच नाही, ते मेसेजमध्ये घालून तिकडे कोडमध्ये हाताळावं लागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. वय तपासणारा शेवटचा पहारेकरी अ‍ॅक्च्युएटर नोडवरच हवा. कंट्रोलर मेला, वायर निघाली, काहीही झालं तरी शेवटी मशीन हलवणारा तोच. ताजी कमांड अमुक वेळात आली नाही तर त्याने कोणालाही न विचारता सुरक्षित स्थितीत जायचं. तो वेळ किती आणि सुरक्षित स्थिती म्हणजे बंद, की आहे तिथेच धरून ठेवणं, हे मशीनवर आहे, ते सॉफ्टवेअरवाल्याने एकट्याने ठरवू नये.

तर आधी काहीही न बदलता अर्ध्या तासाचा लेटन्सी-विरुद्ध-वेळ ग्राफ काढा. नोडांची घड्याळं जुळलेली नसताना एका नोडची वेळ दुसऱ्यातून वजा करू नका, अ‍ॅनालायझर आहेच तुमच्याकडे, तिन्ही नोडांच्या टिकला एकेक पिन हलवा आणि फेज थेट बघा. करवत दिसली तर अ‍ॅक्च्युएटरचा २ मिलिसेकंदांचा बदल लगेच करा, कंट्रोलर मेसेजवर जागा करणं पुढच्या रिलीजला. करवत दिसलीच नाही आणि सुळके कुठेही विखुरलेले निघाले तर माझं वरचं निदान तुमच्यासाठी नाही, मग सीपीयूच्या खोल झोपेच्या स्टेट बंद करून बघा, सायक्लिकटेस्ट (टास्क किती उशिरा जागं होतं ते मोजणारं टूल) रात्रभर चालवा आणि त्याचा कमाल आकडा इथे टाका, त्यावर बोलू.